फ्रेंचमध्ये 'आले' म्हणजे जाणे: हे क्रियापद डोक्यात कसं बसवायचं

सिंधुदुर्गातली बरीच पोरं हॉटेल मॅनेजमेंट करतात, मग गोव्याला नाहीतर थेट क्रूझवर नोकरी बघतात, आणि फ्रेंच येत असेल तर बरं पडेल म्हणून कोणी क्लास लावतं कोणी यूट्यूब लावून बसतं. सुरुवातीचे दिवस मजेत जातात, बोंजूर झालं, मेर्सी झालं, आकडे झाले, आणि मग येतं 'आले'. अर्थ एकदम साधा, जाणे. पण रूपं बघा: ज व्हे म्हणजे मी जातो, नूज़ालों म्हणजे आम्ही जातो, जिरे म्हणजे मी जाईन, आणि क जाय म्हणजे मी जावं. चारही एकाच क्रियापदाची आणि एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळत नाही. इथं बहुतेक जण वही काढतात आणि घोकायला बसतात. घोकू नका, कारण घोकलेलं परीक्षेपर्यंत टिकतं आणि समोर खरा फ्रेंच माणूस आला की पळून जातं.

ही भानगड मराठी माणसाला जन्मापासून येते, फक्त कधी लक्ष गेलेलं नसतं. आपण म्हणतो मी जातो, मी जाईन, मी जायचो, आणि मग मधेच मी गेलो. आता 'जा' मधून 'गे' कसा निघाला? निघालाच नाही. जा आला संस्कृतच्या 'या' धातूवरून, याति वगैरे, आणि गेला आला 'गम्' वरून, गत चं पुढे गेला झालं. मूळची दोन वेगळी क्रियापदं, एकाने वर्तमानकाळ धरला दुसऱ्याने भूतकाळ, आणि आपल्याला वाटतं एकच आहे. हिंदीत जाना-गया तसंच. इंग्रजीत गो चं वेंट होतं तेही तसंच, वेंट हे खरं वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप होतं. फ्रेंचवाल्यांनी फक्त दोनाऐवजी तीन घेतली. तीन जुन्या लुगड्यांची मिळून शिवलेली गोधडी समजा, कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा हे एकदा ओळखता आलं की झालं.

आधी उच्चाराचं उरकून घेऊ, कारण पुढे सगळं देवनागरीतच लिहिणारे. ज़ असा खाली टिंब दिलेला ज म्हणजे 'आज' किंवा 'जावई' मधला ज. बिनटिंबाचा साधा ज मात्र आपला जेवणातला ज नाही, तोंड 'श' म्हणायला ठेवायचं आणि घशातून आवाज सोडायचा, तो. व्ह म्हणजे व्हिडिओतला, वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. त्यू साठी ओठ 'ऊ' चे करायचे आणि आत जीभ 'ई' म्हणायला ठेवायची, दोन दिवस विचित्र वाटतं मग जमतं. र घशातून, ख आणि घ च्या आसपास. आणि अनुस्वार, म्हणजे ओं, आं, यँ हे सगळं नाकातून, शेवटी न किंवा म चं बोट लागू द्यायचं नाही. पुण्यामुंबईच्या पोरांना हे जड जातं असं ऐकलंय, पण ज्याने लहानपणापासून खंय, थंय, हंय केलंय त्याला फ्रेंच नाकातलं बोलणं शिकवायला लागत नाही. मालवणीचा एवढा फायदा कोणी सांगत नाही म्हणून सांगितला.

आता तीन तुकडे.

पहिला 'व्ह' चा. लॅटिनमध्ये वादेरे म्हणून क्रियापद होतं, जाणे, चालून जाणे, जरा जोरात जाण्याचा भाव त्यात. इंग्रजीतले इन्व्हेड, इव्हेड हे त्याचेच. फ्रेंचमध्ये यातून आले व्हे, व्हा, व्हों.

दुसरा 'आल' चा. हा आम्बुलारे म्हणजे चालणे यावरून झिजत झिजत आला असं बहुतेक अभ्यासक धरतात, मधल्या काळातलं एक आलारे असं रूप जुन्या शब्दकोशवजा टिपणांत सापडतं, तरी आम्बुलारेचं एवढं आखूड कसं झालं यावर भांडणं आहेत. आम्बुलारेची दुसरी पोर आपल्या ओळखीची आहे, अ‍ॅम्ब्युलन्स. फ्रेंचमध्ये सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाला 'चालतं इस्पितळ' म्हणायचे, ओपिताल आंब्यूलां, त्यावरून तो शब्द निघाला.

तिसरा 'इर' चा. लॅटिनचं मूळ जुनं 'जाणे' म्हणजे ईरे. एक्झिट, ट्रान्झिट मध्ये शेवटी जो इट आहे तो हाच. ह्याची गंमत अशी की रूपं फार तोकडी होती, 'तो जातो' म्हणायला नुसतं इत्, 'तू जातोस' ला ईस्. शब्दांची शेपटं झिजायला लागली तेव्हा ह्यात झिजायला उरलंच काय, म्हणून लोकांनी बोलताना ते टाकून जरा अंगाने भरलेली वादेरे, आम्बुलारे उचलली. पण भविष्यकाळात ईरे टिकलं, कारण तिथं मागे दुसरं क्रियापद जोडलेलं होतं, त्याच्या आधाराने वाचलं. त्याबद्दल खाली येतोच.

कुठला तुकडा कुठे? वर्तमानकाळात एकटा माणूस (मी, तू, तो, ती) आणि 'ते' ह्यांना व्ह. आम्ही आणि तुम्ही ह्यांना आल. भविष्य आणि 'गेलो असतो, जाईन बरं का' वाल्या रूपांना इर. बाकी जवळजवळ सगळं आल. एवढंच आहे, खरंच एवढंच आहे. आम्ही-तुम्हीच वेगळे का, तर लॅटिनमध्ये ह्या दोन रूपांत जोर शेवटावर पडायचा आणि बाकीच्यांत मुळावर, म्हणून ही दोन नेहमी फुटून निघतात. इटालियनमध्येही अगदी हीच वाटणी: व्हादो, व्हाय, व्हा, मग आंद्यामो, आंदाते, आणि परत व्हान्नो. पोर्तुगीजमध्ये 'मी जातो' म्हणजे व्हो, तेही त्याच वादेरेचं. आपल्या किनाऱ्यावर रेवदंड्याजवळ कोर्लईत पोर्तुगीजमधून निघालेली बोली अजून घराघरात बोलतात, म्हणजे ह्या लॅटिन कुळाचा एक पाहुणा कोकणात कायमचा राहिलाय म्हणायला हरकत नाही.

एक सावधगिरी. बांद्याच्या पुढे गोव्यात गेलात की कोंकणीत 'हांव वता' म्हणतात, मी जातो. ते वता आणि फ्रेंच व्हा दिसायला सख्खे भाऊ, पण नातं काही नाही, वता संस्कृतच्या व्रज् कडून आलेलं आहे. लक्षात ठेवायला वापरा, पण कोणाला इतिहास म्हणून सांगू नका.

खरं नातं भलतीकडेच आहे आणि ते मला स्वतःला फार आवडतं. संस्कृतमध्ये 'इ' धातू आहे, एति म्हणजे जातो. लॅटिनचं ईरे त्याचंच भावंड. आणि आपलं 'येणे' हे ह्या एति च्याच घराण्यातलं मानतात. उलट आपला 'गेला' ज्या गम् मधून निघाला त्याचं लॅटिनमधलं भावंड आहे व्हेनीरे, म्हणजे फ्रेंचमधलं व्हनीर, आणि त्याचा अर्थ येणे! म्हणजे त्यांचं जाईन ते आपलं येईन चं नातलग आणि आपलं गेला ते त्यांच्या येण्याचं. कोकणात घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजी ओरडते, जातंय म्हणा नये, येतंय म्हणाचा. तिच्या बाजूने भाषाशास्त्र उभं आहे असं समजा.

ह्यातच फ्रेंचचा उच्चार भर घालतो. आले ऐकलं की आपल्याला वाटतं कोणीतरी आले. आलों ऐकलं की आलो. फ्रेंच माणूस आले म्हणाला की उठून दार उघडायचं नाही, तो निघालाय.

वर्तमानकाळ, मोठ्याने म्हणा: ज व्हे, त्यू व्हा, इल व्हा, एल व्हा, ओं व्हा, नूज़ालों, व्हूज़ाले, इल व्हों. त्यातलं 'ओं व्हा' जास्त घोटा, कारण बोलताना आम्ही साठी नू क्वचितच वापरतात, सर्रास ओं व्हा चालतं. नू आणि व्हू च्या शेवटी लिहिलेला एस एरवी मुका असतो पण पुढे स्वर आला की तो ज़ होऊन जागा होतो, म्हणून नूज़ालों. इल व्हों मध्ये पुढे व्यंजन आहे म्हणून तो झोपलेलाच राहतो.

लिहिताना ज व्हे मधलं व्हे म्हणजे व्ही-ए-आय-एस, त्यू व्हा मधलं व्ही-ए-एस, इल व्हा मधलं नुसतं व्ही-ए, इल व्हों मधलं व्ही-ओ-एन-टी. ह्या 'ज व्हे' वरून फ्रान्समध्ये एकेकाळी चांगली मारामारी होती. व्होजला नावाच्या व्याकरणकाराने १६४७ मध्ये लिहून ठेवलंय की शिकलेले लोक ज व्हे म्हणतात पण सगळा राजदरबार ज व्हा म्हणतो आणि ज व्हे त्यांना गावंढळ वाटतं. शेवटी जिंकलं ज व्हे, आज पाठ्यपुस्तकात तेच. कॅनडात क्वेबेककडे मात्र ज व्हा अजून ऐकू येतं. तेव्हा मालवणीत बोलतो म्हणून कोणी नाक मुरडलं तर हे सांगा, गावठी काय आणि शुद्ध काय हे शंभर-दोनशे वर्षांत उलटंसुद्धा होतं.

आता वाक्यं. फ्रेंचमध्ये नुसतं 'ज व्हे' म्हणून थांबता येत नाही. आपण 'जातो रे' म्हणून सुटतो, तिथं ऐकणारा वाट बघत बसतो की कुठे. ठिकाण सांगा, नाहीतर निदान 'ई' तरी घाला, ई म्हणजे तिथे. जी व्हे, मी जातो तिथे, म्हणजे निघतो. ओं नी व्हा, चला निघूया, हे तर दिवसातून वीस वेळा कानावर पडेल.

ठिकाणाआधी काय लावायचं ते असं. शहर-गाव असेल तर आ: ज व्हे आ मालवण, ज व्हे आ देवगड. देश स्त्रीलिंगी असेल तर आं, आपला देश त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, आं नँद म्हणजे भारतात. पुल्लिंगी असेल तर ओ, म्हणून ओ जापों, आणि महाराष्ट्रही ओ महाराष्ट्र. अनेकवचनी देश म्हणजे अमेरिका, ओज़ेताज़्यूनी. बाजाराला ओ मार्शे, स्टेशनला आ ला गार. आणि माणसाकडे जायचं तर शे: शे ल मेदसँ, डॉक्टरकडे. आपण 'कडे' म्हणतो तिथं शे, हे एकदम सोपं. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलात आणि कोणी विचारलं खंय चललंस, तर तोंडाने मालवणीत उत्तर द्या आणि मनात फ्रेंचमध्ये. मालवणात राहत असाल तर संध्याकाळी होड्या लागल्या की ज व्हे आ ला जते, मी जेटीवर जातो. जते आणि जेटी सारखे वाटतात ते उगीच नाही, जेटी हा शब्दच इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घेतला, फेकणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून, समुद्रात पुढे टाकलेला बांध म्हणून. तिथं लिलाव चालू असतो, बांगड्याच्या टोपल्या ओतल्या जात असतात, बायका भाव पाडत असतात, आणि तुम्हाला म्हणायचंय मी मासे घ्यायला चाललोय: ज व्हे आश्ते द्यू प्वासों. बघा, 'घ्यायला' मधल्या 'ला' साठी काही लागत नाही, दुसरं क्रियापद मूळ रूपात तसंच पुढे ठेवायचं.

ह्याच बांधणीतून फ्रेंचचा सगळ्यात कामाचा काळ निघतो, जवळचा भविष्यकाळ. ज व्हे मांजे म्हणजे मी जेवायला जातो असंही आणि मी जेवणार आहे असंही, कुठेही न जाता, पाटावर बसल्या बसल्या. नवशिक्याने खरं तर आधी हाच काळ शिकावा, मूळ भविष्यकाळ नंतर, कारण व्हे-व्हा-व्हों एवढं आलं की जगातल्या कुठल्याही क्रियापदाचा भविष्यकाळ खिशात. इल व्हा प्लव्हार, पाऊस येणार. ल त्रँ व्हा आरीव्हे, गाडी येणार. आपण येणार म्हणतो तिथं ते 'जातो' वापरतात हे पुन्हा आलंच. नकार घालायचा तर न आणि पा च्या मध्ये फक्त व्हे पकडायचं: ज न व्हे पा मांजे, नाही जेवणार. बोलताना तो न गिळतात, ज व्हे पा मांजे.

दोमिनिक बूऊर नावाचा एक व्याकरणकार १७०२ मध्ये वारला, त्याचे शेवटचे शब्द म्हणून असं सांगतात की मी आता मरणार, 'ज व्हे मूरीर' म्हणा नाहीतर 'ज व्हा मूरीर' म्हणा, दोन्ही चालतं. व्याकरणवाल्यांचं असंच असतं. पण बघा, वापरला जवळचाच भविष्यकाळ, आणि अगदी बरोबर वापरला.

सा व्हा बद्दल वेगळं सांगायला नको, पण त्याचं मराठी बरेच जण 'ठीक आहे' असं पाठ करतात आणि त्यापेक्षा 'चाललंय' जास्त नेमकं बसतं. सा व्हा? कसं चाललंय? सा व्हा, चाललंय. मोठ्या माणसाला, साहेबाला, हॉटेलातल्या पाहुण्याला कोमांताले व्हू. सा म व्हा म्हणजे मला चालेल, आणि कोणी नवीन कुडता घालून आला तर सा त व्हा ब्यँ, छान दिसतंय तुला. रस्त्यालाही हेच, हा रस्ता समुद्राला जातो तसं ल शमँ व्हा आ ला मेर.

भूतकाळात जरा थांबून वाचा. फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदं भूतकाळात 'असणे-जवळ असणे' वालं आव्हार घेतात, पण जाणे घेतं 'होणे-असणे' वालं एत्र. ज स्वीज़ाले, मी गेलो. इले ताले, तो गेला. एले ताले, ती गेली. बोलताना सगळीकडे आलेच ऐकू येतं, पण लिहिताना बाईसाठी एक जादा ई, अनेकांसाठी एस, अनेक बायकांसाठी दोन्ही. आपल्याकडे गेला-गेली-गेले कानाला कळतं, त्यांच्याकडे फक्त कागदावर कळतं, तेव्हा लिहिताना मनात मराठी म्हणा आणि शेपूट लावा.

एत्र की आव्हार ह्यासाठी मराठीची एक चाळणी आहे. मराठीत 'त्याने' येतंय का बघा. त्याने खाल्ला, त्याने बघितलं, त्याने विकत घेतलं, सगळीकडे डोळे मिटून आव्हार. 'तो' येत असेल तर एत्र असण्याची शक्यता: तो गेला, आला, पोचला, निघाला, शिरला, पडला, जन्मला, मेला, राहिला, हे सगळे एत्र वाले. चाळणीला भोकं आहेत हे आत्ताच सांगतो. तो धावला, तो झोपला, तो हसला ह्यांना मराठीत 'तो' आहे पण फ्रेंचमध्ये आव्हार. आणि स्वतःवरच केलेली कामं, अंघोळ वगैरे, मराठीत 'त्याने अंघोळ केली' असली तरी फ्रेंचमध्ये एत्र. सरळ नियम असा की जागा बदलणं किंवा अवस्था बदलणं असलेली पंधरा-सोळा क्रियापदं एत्र घेतात, धावण्यात जागा बदलते तरी ते त्यात नाही, त्याला इलाज नाही.

'जायचो' साठी जाले, त्यू आले, इलाले, नूज़ाल्यों, व्हूज़ाल्ये, इलज़ाले. लहानपणी मी शाळेत चालत जायचो: कां जेते पती, जाले आ लेकोल आ प्ये. ह्याच्यापुढे मूळ रूप ठेवलं की 'निघणारच होतो' मिळतं, जाले पार्तीर, मी निघतच होतो. फोन करणाऱ्याला सांगायला फार उपयोगी, खरं असो नसो.

आता अडचण अशी की आले हा एकच आवाज आणि स्पेलिंगं आठ-नऊ. शेवटी ई-आर, ई-झेड, टोपीवाला ई म्हणजे वर तिरकी रेघ असलेला, त्याचीच स्त्रीलिंगी-अनेकवचनी भावंडं, आणि ए-आय-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी. खूप बारीक ऐकणाऱ्याला शेवटच्या तीनात ए जरा उघडा ऐकू येतो, बाकीच्यांनी नाद सोडावा. फ्रेंच पोरंसुद्धा इथं चुकतात, त्यांना शाळेत शिकवतात की दुसरं, आवाज बदलणारं क्रियापद त्या जागी घालून बघा. आपल्याला तेवढंही करायला नको, मराठी घालून बघा. 'जायला' किंवा 'जाणं' बसलं तर ई-आर. 'तुम्ही जाता' किंवा 'जा हो' बसलं तर ई-झेड. 'गेलो, गेली, गेलेला' बसलं तर तिरक्या रेघेचा ई. 'जायचो, जायचा, जायचे' बसलं तर ए-आय वालं. दहा वाक्यं अशी केली की हात आपोआप वळतो.

भविष्यकाळ म्हणजे जिरे. हो, मसाल्याच्या डब्यातलंच म्हणा आणि लक्षात ठेवा. जिरे, त्यू इरा, इलिरा, नूज़िरों, व्हूज़िरे, इलज़िरों. मगाशी म्हटलं की ईरे दुसऱ्याच्या आधाराने वाचलं, तो आधार म्हणजे आव्हारचा वर्तमानकाळ: जे, त्यू आ, इला, नूज़ाव्हों, व्हूज़ाव्हे, इलज़ों. शेपट्या जुळवून बघा, ए, आ, आ, ओं, ए, ओं. 'जायचं आहे मला' असं म्हणता म्हणता दोन शब्द चिकटले आणि भविष्यकाळ तयार झाला, आणि हे फक्त जाण्याचं नाही, फ्रेंचमधल्या प्रत्येक क्रियापदाच्या भविष्यकाळाची शेपटी ही आव्हारचीच. म्हणजे आव्हार येत असेल तर इथं फक्त इर नवीन. मगाचा 'ई' मात्र इथं गळतो, जी इरे असं दोन ई एकाला एक लावून म्हणत नाहीत, नुसतं जिरे दमँ, जाईन उद्या.

शेवटी एक मुका एस लावला की तेच जिरे 'गेलो असतो, जायला आवडेल' होतं. जिरे ब्यँ आ पारी, पॅरिसला जायला आवडेल मला. ऐकून फरक कळत नाही, संदर्भावर सोडायचं.

'मला गेलंच पाहिजे' साठी इल फो क जाय. क जाय, क त्यू आय, किलाय, क नूज़ाल्यों, क व्हूज़ाल्ये, किलज़ाय. सावंतवाडीच्या पुढच्यांना हे विसरताच येणार नाही, कारण कोंकणीत जाय म्हणजे पाहिजे, म्हाका जाय. पाहिजे म्हटलं की जाय, बस. हाही योगायोगच, पण असले योगायोग फुकट मिळतात ते सोडू नयेत.

आज्ञा करायची तर व्हा, आलों, आले. फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा पहिला शब्द आलों हाच, चला. फुटबॉल मॅचमध्ये आले ले ब्ल ओरडतात ते आपल्या टीमला 'चला रे निळे' म्हणून. व्हा ला एकट्याने लिहिताना एस लागत नाही पण ई जोडलं की उच्चाराच्या सोयीसाठी लागतो, व्हाज़ी, जा की, कर की, होऊन जाऊ दे. हे मित्राला. काकांना, पाहुण्यांना आलेज़ी, व्हाज़ी नाही. व्हा तां म्हणजे चालता हो, हे शिका पण वापरू नका. त्याचं सभ्य रूप ज मां व्हे, मी निघतो आता, आणि आपल्या 'ते गेले' सारखंच हे निघून जाणंही मरणासाठी वापरतात. फोन उचलून जे आलो म्हणतात त्याचा ह्या सगळ्याशी संबंध नाही, ते इंग्रजी हॅलो.

तिकीट खिडकीवर नुसतं जायचं असेल तर आले सँप्ल, जाऊन-येऊन असेल तर आले-रतूर. येजा साठी व्हाए-व्यँ, आणि जिन्यात खाली लावा वर बंद करा असे जे दोन स्विच असतात त्यालाही फ्रेंच इलेक्ट्रिशियन व्हाए-व्यँच म्हणतो, आपण टू-वे म्हणतो तो.

सरावाला पुस्तक लागत नाही. गणपतीत मुंबईहून गावी येणाऱ्यांचं सगळं ह्या एका क्रियापदात बसतं: जाणार आहे, ज व्हे पार्तीर, तुतारी एक्सप्रेसने जाईन, जिरे आं त्रँ, आजोळी गेलो होतो, दरवर्षी जायचो, जावंच लागतं. एक प्रवास घ्या आणि तो सगळ्या काळांतून फिरवा, मग बाजाराचा घ्या, मग डॉक्टरचा. रोज तीन-चार वाक्यं मोठ्याने, घरचे हसले तरी. वर्तमान आणि जवळचा भविष्य आधी, मग ज स्वीज़ाले, मग जाले, मग जिरे, जाय सगळ्यात शेवटी, डेल्फ म्हणजे फ्रेंचची जी परीक्षा असते तिच्या ए वन-ए टू ह्या सुरुवातीच्या पायऱ्यांपर्यंत जाय नाही आलं तरी फारसं अडत नाही. पुस्तकात वाचताना एखादं इलाला भेटेल, तो गेला अशाच अर्थाचं, ते जुन्या कथा-कादंबऱ्यांचं लिहिण्याचं रूप आहे, बोलायचं नसतं, ओळखलं आणि पुढे गेलं की पुरे.